शब्दांचे गोत

झाशीच्या ईशान्येस, पहुज आणि बेतवा या दोन नद्यांच्या मधल्या सपाट मुलखात, समथर नावाचे गाव आहे. गावात मोठा भुईकोट किल्ला आहे. बुंदेलखंडातल्या संस्थानांत गुर्जर राजघराण्याचे म्हणून हे संस्थान ओळखले जाई. अठराव्या शतकात ते दतियाच्या राज्यातून वेगळे झाले, 1817 मध्ये त्याचा इंग्रजांशी तह झाला, 1948 मध्ये ते विंध्य प्रदेशात सामील झाले आणि पुढे हा प्रदेश उत्तर प्रदेशाच्या झाशी जिल्ह्यात आला. आज समथर हे मोंठ तहसिलीतले एक लहानसे नगर आहे. इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत त्याला दोन-चार ओळींपेक्षा अधिक जागा क्वचितच मिळते.

परंतु एखादा मराठी माणूस समथरच्या बाजारात तासभर उभा राहिला, तर त्याचे कान मात्र चमत्कारिक कोड्यात पडतात. कोणी एखाद्या वृद्धेला उद्देशून 'डुकरिया' म्हणतो. मराठी माणूस दचकतो. ती म्हातारी मात्र शांतपणे आपली भाजी निवडत असते. कोणी सांगतो, घरी आज 'दार' शिजली आहे. कोणी आपल्या 'मोड़ी'च्या लग्नाची गोष्ट काढतो, आणि जुन्या दप्तरांचा नाद असलेल्या पाहुण्याला लिपीचे लग्न कसे लागते हे काही केल्या उमजत नाही. तेवढ्यात एक शेतकरी 'बखर' दुरुस्त करायला लोहाराकडे निघालेला दिसतो. बखर लोहाराकडे? ती तर इतिहाससंशोधकाकडे न्यावयाची वस्तू!

या कोड्यांची उत्तरे तशी सोपी आहेत. बुंदेलीत 'डुकरा' म्हणजे म्हातारा आणि 'डुकरिया' म्हणजे म्हातारी. 'दार' म्हणजे डाळ. 'मोड़ी' म्हणजे मुलगी. आणि 'बखर' म्हणजे शेतात चालवायचे औत. परंतु उत्तर कळल्यावरही एक प्रश्न उरतोच. एकाच बाजारात काही शब्द ओळखीचे वाटून फसवतात, काही अनोळखी वाटून जवळचे निघतात, आणि काही तर अगदी घरचेच वाटतात. असे का व्हावे? रोजच्या बोलण्यातला शब्द कोठून आला, हे कसे ओळखावे?

याचे एक उत्तर पटकन सुचते आणि ते मराठी मनाला सुखावतेही. महंमदखान बंगशाच्या वेढ्यात सापडलेल्या वृद्ध छत्रसालाने 1729 मध्ये पहिल्या बाजीरावाला साहाय्यासाठी पाचारण केले आणि त्या उपकाराची फेड म्हणून आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा त्याला दिला, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर सागर, काळपी, जालौन या भागांत मराठ्यांचा अंमल बसला. गोविंदपंत खेर तर या मुलखाशी इतके एकरूप झाले, की इतिहासात ते गोविंदपंत बुंदेले याच नावाने उरले. झाशीला नारो शंकर आले, पुढे नेवाळकर घराणे आले. त्यांच्या मागोमाग भिक्षुक, कारकून, वैद्य, आचारी, शिलेदार अशी कुटुंबेच्या कुटुंबे आली. 1857 मध्ये वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे झाशीला पोहोचले, तेव्हा त्यांना तेथे एक नांदते मराठी जग भेटले. त्या जगाची अखेरही त्यांनी 1858 मध्ये डोळ्यांनी पाहिली आणि 'माझा प्रवास' मध्ये लिहून ठेवली. मग समथरच्या बाजारातले मराठीसारखे शब्द या मंडळींनीच तेथे नेले, असे म्हणून मोकळे व्हावे, हे स्वाभाविक आहे.

स्वाभाविक आहे, पण ते बहुतांशी खरे नाही. दोन शेजारच्या बोलींतले शब्द एकमेकांसारखे दिसतात, त्याला तीन कारणे असू शकतात. एक, दोघींनी ते एकाच आईकडून वारशाने घेतले असतील. दुसरे, एकीने दुसरीकडून उसने घेतले असतील. आणि तिसरे, ते साम्य निव्वळ योगायोगाचे असेल. गावात नवखा माणूस आला म्हणजे त्याला जशी आडनावावरून ओळख न देता गोत, गाव आणि सोयरीक विचारतात, तशीच चौकशी शब्दाचीही करावी लागते. नुसत्या चेहऱ्यावरून नाते ठरवले, तर घोटाळा ठरलेला.

वारशाची पहिली खूण अशी, की तेथे फरकसुद्धा नियमाने होतो. मराठीत जेथे 'व' असतो तेथे बुंदेलीत बहुधा 'ब' असतो. मराठी 'वाट', तिकडे 'बाट'. मराठी 'वीस', तिकडे 'बीस'. वरात 'बरात' होते, विंचू 'बिच्छू' होतो. हा नियम ध्यानात ठेवून लोहाराकडे निघालेल्या त्या 'बखरा'कडे पाहिले, तर ओळख तत्काळ पटते. तो विदर्भातला आणि खानदेशातला 'वखर' आहे. लाकडी दांडा, त्याखाली आडवे बसवलेले लोखंडी पाते, आणि ओढायला बैलजोडी. नांगर माती उलथतो; वखर ती न उलथता खालून कापीत जातो आणि तणाची मुळे तोडतो. काळ्या, चिकट, उन्हाने भेगाळणाऱ्या जमिनीला हेच औत मानवते. बुंदेलखंडात अशा जमिनीला 'मार' आणि तिच्याहून हलक्या जमिनीला 'काबर' म्हणतात, आणि त्या जमिनीत कांस नावाचे चिवट गवत एकदा माजले की शेतच्या शेत पडीक पडते. त्या कांसाशी झगडणारे हत्यार म्हणजे हा बखर. जेथवर काळी जमीन पसरली आहे, तेथवर हे औत आणि त्याचे नाव पसरले आहे. ते पेशव्यांच्या घोडदळाबरोबर गेले असे मानण्याचे काहीच कारण नाही. घोडेस्वार तलवार नेतो. वखर नेत नाही.

दुसरा नियम 'ळ' या अक्षराचा आहे. ळ मराठीचा लाडका; बुंदेलीत तो नाही. त्याच्या जागी ती 'र' म्हणते. काळा तो 'कारो', पिवळा तो 'पीरो', गळा तो 'गरो'. काजळाचे 'काजर', थाळीची 'थारी', होळीची 'होरी' आणि दिवाळीची 'दिवारी' होते. दिवाळीच्या दिवसांत काठ्या घेऊन खेळल्या जाणाऱ्या तिकडच्या नृत्यालाही 'दिवारी' असेच नाव आहे. डाळीची 'दार' झाली ती याच ओघात. आता यातली खरी मौज पाहण्यासारखी आहे. मराठीत आपण 'फळ' म्हणतो, पण 'फूल' म्हणतो. 'फूळ' म्हणत नाही. बुंदेलीतही फळाचे 'फर' होते, पण फुलाचे 'फूर' होत नाही. ते 'फूल'च राहते. याचे कारण दोन्हीकडे एकच आहे. संस्कृतात 'फल' या शब्दात एक ल आहे, तर 'फुल्ल' या शब्दात तो जोडाक्षरात दुहेरी आहे. एकेरी ल मराठीने ळ केला, बुंदेलीने र केला; दुहेरी ल दोघींनीही जपला. हजार वर्षांपूर्वीच्या एका द्वित्ताची आठवण समथरच्या माळणीला आणि साताऱ्याच्या माळणीला सारखीच आहे, आणि दोघींपैकी एकीलाही ती असल्याचे ठाऊक नाही. उसने घेतलेल्या शब्दांत इतकी शिस्त नसते. ही शिस्त वारशाची आहे.

या नियमाने समथर या नावाकडेही पाहता येते. 'सम' म्हणजे सपाट आणि 'थर' म्हणजे स्थल, मराठीतले थळ. सपाट जमिनीला हिंदीत 'समथल' असा शब्द आहेच, आणि ल चा र करणे ही तर बुंदेलीची सवयच. गाव सपाट मुलखात वसले आहे, हेही खरे. गावांच्या नावांच्या बाबतीत जुना कागद मिळेपर्यंत निकाल देऊ नये, हा संशोधनाचा चांगला दंडक आहे. परंतु ध्वनींचा नियम आणि भूमीचा आकार या दोन्ही साक्षी येथे एकाच बाजूने पडतात, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

तिसरी गोष्ट न आणि ल या अक्षरांची. ही दोन अक्षरे म्हणजे आपल्या भाषांतली जुळी भावंडे. घरात शिरताना एकमेकांच्या वहाणा घालून शिरतात. संस्कृत 'निंब', हिंदीत 'नीम', पण मराठीत 'लिंब'. संस्कृत 'नवनीत', मराठीत 'लोणी'. उलट संस्कृत 'लांगल', आणि मराठीत 'नांगर'. संस्कृत 'ललाट', बुंदेलखंडात आणि पूर्वेकडे त्याचे 'लिलार' झाले, तर मराठीत 'निढळ'. निढळाचा घाम गाळणाऱ्या मराठी शेतकऱ्याला आपण ललाटच पुसत आहोत याची कल्पना नसते. मिठाचेही तसेच. संस्कृत 'लवण' मराठीच्या लोणच्यात आणि लोणार या गावाच्या नावात ल राखून आहे. बुंदेलीत त्याचे 'नोन' झाले. संस्कृतात लवणापासून 'लावण्य' झाले, हिंदीत 'सलोना' झाला. म्हणजे सौंदर्याला चव असावी लागते, हे या भाषांनी फार पूर्वी ठरवून टाकले आहे. बुंदेलीत चांगल्या, छान गोष्टीला 'नौनो' म्हणतात, तोही शब्द याच मिठातला असावा.

हा झाला वारसा. आता उसनवारीकडे वळावे. मराठी अंमलाने बुंदेलखंडाला काहीच शब्द दिले नाहीत, असे नव्हे. पण ते शब्द कोठे सापडतात, हे पाहणे उद्बोधक आहे. हिंदीचे थोर व्याकरणकार कामताप्रसाद गुरू यांचा जन्म 1875 मध्ये सागरला झाला. म्हणजे एके काळी गोविंदपंतांचे ठाणे असलेल्या शहरातच. त्यांचे 'हिंदी व्याकरण' 1920 मध्ये काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने प्रसिद्ध केले. त्यात हिंदीने मराठीकडून घेतलेल्या शब्दांची नोंद आहे: 'लागू', 'चालू', 'बाड़ा', आणि दिशा किंवा कड या अर्थी 'बाजू'. यातला 'लागू' पाहा. एखादा नियम लागू होतो, लागू राहतो. अंमल गेला, पण अंमलबजावणीचा शब्द मागे राहिला. ज्या सरकारांनी पेशव्यांचे राज्य बुडवले, त्यांच्या आणि त्यांच्या नंतरच्याही हिंदी आज्ञापत्रांत तो आजतागायत आपले काम करीत आहे.

दुसरा ठेवा देवघराचा आणि माजघराचा. झाशीच्या मराठी घरांतून हळदीकुंकवाचा समारंभ त्या मुलखात गेला. वृंदावनलाल वर्मा यांनी 1946 मधल्या आपल्या 'झाँसी की रानी' या कादंबरीत राणीच्या महालातल्या या समारंभाचे वर्णन केले आहे. बुंदेली जिभेवर हळदीची 'हरदी' होते. समारंभ मराठी राहिला, उच्चार त्या मातीचा झाला. उसना शब्दही दीर्घकाळ राहिला की त्या घराचे रीतिरिवाज शिकतो.

ही गोष्ट केवळ बुंदेलखंडाची आहे असे नाही. सातासमुद्रापलीकडे स्कॉटलंडात असेच घडले आहे. 1295 पासून 1560 पर्यंत स्कॉटलंड आणि फ्रान्स यांचे इंग्लंडविरुद्ध सख्य होते. ते तह, त्या फौजा, ते राजनैतिक विवाह आज इतिहासजमा झाले. पण स्कॉटिश गृहिणी मांस वाढण्याच्या मोठ्या थाळ्याला 'ॲशेट' म्हणत आली. तो फ्रेंचांचा 'आसियेत' आहे. डोंगराळ भागातल्या गेलिक भाषेतून 'उश्गे' म्हणजे पाणी हा शब्द आला आणि 'जीवनजल' या अर्थाच्या मूळ जोडशब्दाचा अर्धा भाग व्हिस्कीच्या नावाने जगभर पसरला. आणि मूल या अर्थी स्कॉट माणूस 'बेर्न' म्हणतो. लंडनच्या सुशिक्षितांना तो शब्द बराच काळ गावंढळ वाटे. वस्तुतः तो जुन्या इंग्रजीतलाच आहे. डेन्मार्क-नॉर्वेत आजही मुलाला 'बार्न' म्हणतात. लंडनने तो टाकला, स्कॉटलंडने राखला, आणि राखणाऱ्यालाच अडाणी ठरवण्यात आले.

योगायोगाची गोष्ट याहून वेगळी, आणि तिच्यात मात्र सावधपण हवे. समथरच्या वरणाची 'दार' आणि मराठी घराचे 'दार' यांचा काडीइतका संबंध नाही. एक डाळीपासून, दुसरे संस्कृत 'द्वार' यापासून. ऐतिहासिक वृत्तान्ताची आपली 'बखर' ही अरबी-फारसी 'खबर' या शब्दातील अक्षरांची उलटापालट होऊन झाली, असे सामान्यतः मानले जाते. शेतातल्या बखराशी तिचे नाते नाही. बुंदेलीत मोठ्या घराला 'बखरी' म्हणतात. तिकडचे लोकप्रिय फागकार ईसुरी यांनी मानवी देहाला भाड्याच्या घराची उपमा देताना हाच शब्द वापरला आहे. शिवाय धान्य साठवण्याच्या जागेला हिंदीत 'बखार' म्हणतात. ती आपली 'वखार', आणि ही ओळख मात्र खरी आहे. बखर, बखर, बखरी, बखार! चार शब्द एका रांगेत उभे केले, तर सख्खी भावंडे वाटतात. नुसत्या चेहऱ्यावरून नाते ठरवू नये, ते यासाठीच.

आणि ज्या शब्दाने मराठी पाहुणा सर्वांत अधिक दचकला, त्या 'डुकरिये'चे काय? तिचा डुकराशी संबंध नाही, हे तर उघडच. गंमत अशी की तिची सख्खी बहीण मराठीतच आहे. मोल्सवर्थने 1831 मध्ये आणि सुधारून 1857 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठी कोशाची पाने ज्याने चाळली असतील, त्याला म्हातारा या अर्थी 'डोकरा' हा शब्द आठवेल. खानदेशच्या अहिराणीत 'डोकरा' आणि 'डोकरी' आजही बोलण्यात आहेत. म्हणजे समथरचा शब्द परका नव्हता; आपल्याच घरातल्या, पण पुण्या-मुंबईच्या लिहित्या भाषेने ओसरीवर बसवून ठेवलेल्या, एका म्हातारीला मराठी पाहुणा ओळखू शकला नव्हता.

येथे विषयाच्या गाभ्याशी येऊन पोहोचतो. रोजच्या ग्रामीण शब्दांकडे शिकलेला माणूस बहुधा अशा दृष्टीने पाहतो, की मूळ शुद्ध शब्द कोठे तरी ग्रंथात आहे आणि खेड्यातल्या माणसाच्या तोंडात तो बिघडला आहे. हा समज किती खोटा आहे, हे ऋतूंच्या नावांवरून दिसते. शासनाच्या दप्तरांत पिकांच्या हंगामांना 'खरीप' आणि 'रब्बी' म्हणतात. हे दोन्ही शब्द अरबी. 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू आणि 'रबी' म्हणजे वसंत. ज्या ऋतूत पीक हाती येते त्याचे नाव हंगामाला मिळाले. मोगलांच्या वसुलीच्या कागदांतून ते सर्व हिंदुस्थानभर गेले, आणि आपण ते शुद्ध मानतो. बुंदेलखंडातला शेतकरी मात्र खरिपाला 'सियारी' म्हणत आला आणि रब्बीला 'उन्हारी'. सियारीत संस्कृतातला 'शीतकाल' आहे; गुजरातीतला 'शियाळो' तिचा भाऊ. आणि उन्हारीत 'उष्णकाल' आहे, म्हणजे आपला उन्हाळा. थंडीच्या तोंडाशी जी हाती येते ती सियारी, उन्हाच्या तोंडाशी जी हाती येते ती उन्हारी. अरबी शब्दांतली कल्पनाच येथे देशी शब्दांत उभी आहे. मराठीत 'हिवाळा' हा 'हिमकाला'पासून आला, उन्हाळा उष्णकालापासून. आणि 'उन्हाळी पीक' म्हणजे आपल्याकडे पाण्यावर उन्हाळ्यात घेतलेले पीक. शब्द एकच, पण दोन प्रांतांच्या पाऊसपाण्याने त्याला दोन अर्थ दिले.

सकाळच्या खाण्याचेही असेच आहे. मराठी 'न्याहारी' ही फारसीतून आलेली. शहरी हिंदीतला 'नाश्ता'ही फारसीच. समथरचा शेतकरी ज्याला 'कलेऊ' म्हणतो, तो शब्द मात्र संस्कृत 'कल्यवर्त' याचा थेट वंशज आहे. तसेच पायातल्या जोड्याला तिकडची जुनी माणसे 'पनही' म्हणतात. ती संस्कृत 'उपानह'. आपली 'वहाण'ही तिथूनच आली. संस्कृताचा अभिमान बाळगणारा शहरी विद्यार्थी नाश्ता करतो आणि 'कलेऊ' म्हणणाऱ्या आपल्या आजीला हसतो. संस्कृत त्या वेळी आजीच्या बाजूला असते.

या हसण्याची किंमत मोठी आहे. 2011 च्या जनगणनेत 56 लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा बुंदेली म्हणून सांगितली. गणतीत ती हिंदीखाली धरली गेली. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. शाळेतली भाषा प्रमाण हिंदी, आणि तिच्यापुढे घरातल्या बोलीला मान थोडा. मूल शाळेत जाऊ लागले की 'कारो' चे 'काला' होते, 'दार' ची 'दाल' होते. यात वाईट काही नाही, दुसरी भाषा शिकणे हा लाभच आहे. वाईट होते ते त्यापुढचे. ते मूल घरी येऊन आईला दुरुस्त करू लागते. मराठी मुलखातही वेगळे काय घडते? वऱ्हाडातले, खानदेशातले, मालवणातले मूल शहरात आले की पहिल्यांदा आपली बोली लपवायला शिकते. समथरची गोष्ट म्हणूनच परगावची गोष्ट राहत नाही.

शब्द मरतो तो आणखी एका मार्गाने, वस्तूबरोबर. बैलजोडी गेली, शेतात ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरामागे जोडलेल्या अवजारांना कारखान्याने दिलेली नावे आहेत. बखराचा दांडा, त्याचे पाते, त्याला जुंपायच्या दोरांचे प्रकार, पहिल्या आणि दुसऱ्या पाळीला असलेली वेगळी नावे, हे सारे शब्द लोहार, सुतार आणि शेतकरी यांच्या तोंडी होते. ते बहुधा कोणी लिहून ठेवीत नाही, कारण जोवर वस्तू वापरात असते तोवर त्यांची नोंद करण्याची गरज कोणालाच वाटत नाही. आणि गरज वाटू लागते तेव्हा सांगणारा उरलेला नसतो.

या कामात एक जुना आदर्श समोर आहे. जॉर्ज ग्रिअर्सन हा डब्लिनजवळ जन्मलेला आयरिश गृहस्थ बंगाल-बिहारात मुलकी अधिकारी होता. हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी करण्याचे काम त्याने शिरावर घेतले आणि 1928 मध्ये ते पुरे केले. 179 भाषा आणि 544 बोली त्याने नोंदवल्या. मराठीचा खंड 1905 मध्ये निघाला आणि बुंदेलीचा समावेश असलेला खंड 1916 मध्ये. त्याची रीत साधी होती. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांमार्फत तेथल्या बोलींत उतरवून घ्यायची आणि त्या उताऱ्यांवरून बोलीचे रूप समजून घ्यायचे. ज्या अधिकाऱ्यांनी एरवी फक्त सारा आणि फिर्यादी लिहून घेतल्या, त्यांच्याच हातून या मार्गाने लोकांचे बोलणे लिहिले गेले. एक बाप, दोन मुलगे, वाट चुकून परतलेला धाकटा. आणि त्या एकाच कथेतून देशातल्या शेकडो बोली आपापल्या स्वरात बोलू लागल्या. बुंदेलीतला बाप बुंदेलीत बोलला, मराठीतला मराठीत.

ग्रिअर्सनला नमुने हवे होते. शब्दांचा सर्व संसार काही त्या एका गोष्टीत मावण्यासारखा नव्हता. उधळ्या मुलाच्या कथेत बखर येत नाही, सियारी येत नाही, डुकरियेच्या हातातली पनही येत नाही. ते काम ज्याचे त्याने आपल्या गावात करावयाचे आहे. त्यासाठी व्याकरणाची पदवी लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसावे. शेतातल्या, चुलीपाशीच्या, गोठ्यातल्या एकेका वस्तूचे नाव विचारावे. ते जसे उच्चारले गेले तसे लिहावे. आणि ते कोणत्या गावचे, हे शेजारी टिपावे. नाते काय, गोत कोणते, हे पुढचा अभ्यासक ठरवील. त्याला ठरवण्याजोगे काही मागे ठेवणे, एवढे मात्र आजच्या पिढीच्या हाती आहे.

समथरच्या बाजारात एखाद्या म्हाताऱ्याला काही विचारले आणि ते त्याला पटले, तर तो मान हलवून 'हओ' म्हणतो. मराठी पाहुणाही तेवढ्याच सहजपणे 'हो' म्हणतो. हे दोन होकार एका घरचे की निरनिराळ्या, हे कोशकार पाहतील. त्या दोघांचे संभाषण मात्र तेथून सुरू होऊ शकते.